बिडाच्या शेगडीचा रंग महाबळेश्वरच्या पावसात टिकवायचा कसा?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

महाबळेश्वरात आमच्या आजोळच्या घरी लाकडावर चालणारी बिडाची जुनी शेगडी आहे. उघडी नव्हे, बंद पेटीची. पुढे जाड दार, खाली राखेचा खण, वर सपाट माथा आणि मागून छपराबाहेर गेलेलं धुराडं. वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्या दिवसांत सगळं घर हिच्याभोवती बसलेलं असतं. आजी माथ्यावर कॉफीचं भांडं ठेवायची, आता आई ठेवते.

गेल्या दिवाळीआधी घर रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने खिडक्यांच्या गजांबरोबर शेगडीलाही रेड ऑक्साइड आणि वरून काळा ऑइलपेंट मारला. पहिल्याच जाळाला खोलीभर उग्र धूर झाला. रंग आधी चिकट झाला, मग त्याला फुगे आले, आणि आता पोपडे निघतायत. पोपड्यांखाली नारिंगी गंज आहे, दाराच्या वरच्या कडेला आणि माथ्यावर सगळ्यात जास्त.

घरात कुणी म्हणतं भंगारात द्या, कुणी म्हणतं साताऱ्याला नेऊन पावडर कोटिंग करून आणा. भंगारात जाणार नाही एवढं नक्की. ज्यांनी बिडाच्या वस्तू सांभाळल्या आहेत त्यांनी सांगा, सगळा रंग काढायचा तर कसा, वर काय मारायचं, आणि आमच्याकडच्या पावसात ते टिकवायचं कसं. पावसाळ्याचे चार महिने घर बंद असतं, आमच्याकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, जुलैत कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते.

ओतशाळा

मी पलूसकडचा, किर्लोस्करवाडीच्या शेजारचा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना उभा केला तेव्हापासून आमच्या भागात घराघरात कुणी ना कुणी ओतकामातलं आहे. तुमच्या साताऱ्यातही कूपरांनी १९२२ पासून लोखंडी नांगर ओतले. तेव्हा बीड हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा जिव्हाळ्याचा धातू आहे, आणि तुम्ही शेगडी भंगारात देत नाही हे वाचून बरं वाटलं.

आधी पावडर कोटिंगचा विचार सोडा. गेट-खिडक्यांना मारतात ती पावडर साधारण २०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून बसवलेली असते. शेगडीचा माथा भर जाळात त्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणजे ती पिवळी पडणार, ठिसूळ होणार आणि सुटणार.

ऑइलपेंट का सुटला तेही लक्षात घ्या. त्यातला बांधणारा पदार्थ तेल आणि रेझिनचा. तो जळाला की उरते नुसती रंगद्रव्याची भुकटी. खाली रेड ऑक्साइड असेल तर तोही त्याच कारणाने सुटतो. म्हणून शेगडीला साधा प्रायमर कधीच नको. शेगडीचा खरा रंग सिलिकॉन रेझिनवरचा असतो आणि तो थेट उघड्या, कोरड्या बिडावर बसतो.

आता काढण्याचं काम. सगळा रंग काढावाच लागेल, अर्धा ठेवून चालत नाही. शेगडीचे भाग सुटे होत असतील तर ओतशाळेत शॉट ब्लास्टिंग, म्हणजे लोखंडी छऱ्यांचा मारा, करून घेणं सगळ्यात उत्तम. बीड एकसारखं राखाडी, किंचित खरखरीत निघतं आणि रंगाला पकड मिळते. मात्र पातळ दार आणि नक्षीची पट्टी असेल तर बारीक छरे वापरायला सांगा. घरी करायचं तर ग्राइंडरला तारेचा कप ब्रश, आणि कोपऱ्यांत हाताचा तारेचा ब्रश व ८० नंबरचा पॉलिशपेपर. आरशासारखं गुळगुळीत करू नका, रंगाला धरायला काहीतरी हवं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेगडी जुनी आहे, ऑइलपेंटच्या खाली आणखी जुने थर असतील तर त्यात शिसं असू शकतं. आणि जुन्या दारांना आतून जी पांढरट दोरी बसवलेली असे ती बऱ्याचदा अॅस्बेस्टॉसची असे. ती कोरडी खरवडू नका. पाण्याने भिजवून, नाकाला चांगला मास्क लावून काढा, पिशवीत बंद करा. काम अंगणात करा, मुलांना लांब ठेवा.

घासून झाल्यावर पाण्याने धुऊ नका. तुमच्या हवेत उघडं बीड काही तासांत नारिंगी होतं. ब्लोअरने धूळ उडवा, मग स्वच्छ पांढऱ्या फडक्याने थिनर लावून पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नको, बोटांचं तेलही रंगाला धरू देत नाही.

चंदनवंदन

मस्त माहिती. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा काळा स्प्रे मिळतो तो चालेल का? आमच्याकडे शेतघरावर पत्र्याची छोटी शेगडी आहे तिलाही मारायचा आहे.

बॉयलरवाला

मी वाळवा तालुक्यात साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली. गाळप संपलं की ऑफ सीझनला चिमणी, डक्ट, बॉयलरची दारं यांचा रंग हे आमचं दरवर्षीचं काम, म्हणून लिहितो.

चंदनवंदन, सायलेन्सरचा स्प्रे चालतो, पण डबा उलटा करून तापमान वाचा. ‘हीट रेझिस्टंट’ एवढं लिहिलेलं असणं पुरेसं नाही. असे रंग २०० अंशांचे, ४०० अंशांचे आणि ६०० अंशांचे अशा वेगवेगळ्या ताकदीचे येतात. दुकानदार बऱ्याचदा २०० वाला पुढे करतो कारण तो स्वस्त असतो. शेगडीला ६०० किंवा जास्त लिहिलेलाच घ्या. चंदेरी अॅल्युमिनियमचाही मिळतो, धुराड्याच्या बाहेरच्या भागाला तो छान दिसतो. आणि एका शेगडीला एकाच कंपनीचा रंग वापरा. दोन काळे डोळ्यांना सारखे वाटतात, पण तापल्यावर एक करडा होतो, एक काळा राहतो, आणि एकावर दुसरा नीट बसेल याचाही भरवसा नाही.

घाटमाथा, रंग मारायची वेळ फार महत्त्वाची. आमच्याकडे पक्का नियम होता: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडायचा नाही, आणि धातू दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान ३ अंशांनी गरम पाहिजे. सोप्या भाषेत, सकाळी धुकं असताना नाही आणि संध्याकाळी गारवा उतरल्यावर नाही. महाबळेश्वरला फेब्रुवारी ते एप्रिल, सकाळी ११ ते दुपारी ३. शेगडीचे भाग आधी तासभर उन्हात ठेवा, हाताला कोमट लागले पाहिजेत.

हात पातळ मारायचे. एक थर सुकल्यावर २०-२५ मायक्रॉनचा असावा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बराच कमी. स्प्रे असेल तर फूटभर अंतरावरून, हात चालता ठेवून. पहिल्या हाताला खालचं बीड थोडं दिसलं तरी दिसू द्या. दुसऱ्या हाताला झाकलं जातं. लोकांना वाटतं जाड रंग जास्त टिकेल. इथे उलट आहे, जाड थरात थिनर अडकून राहतो आणि जाळ लागला की तोच फुगा बनून बाहेर येतो.

घाटमाथा

ओतशाळा काका, बॉयलरवाला काका, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न असा की माथ्यावर ती भांडं ठेवते, कधी भाकरीही टाकते. तिथेही हाच रंग मारायचा का?

कृष्णामाई

मी मिरजेची. तुमच्या आईंना सांगा, माथ्याला रंग नको. जिथे भाकरी टेकते तिथे रंग कशाला हवा? माथा बिडाच्या तव्यासारखाच वागवायचा. घासून उघडा करायचा, कोमट असताना जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा, मग कोरड्या फडक्याने असं पुसायचं की तेल लावलंच नाही असं वाटावं, आणि मग शेगडी चांगली तापवायची. असं चार-पाचदा केलं की काळा, कोरडा, चिवट थर बसतो. तेल जास्त राहिलं तर मात्र चिकट राळ होते आणि ती धूळ धरते. आमच्याकडे जवस नसलं की शेंगदाण्याचं तेल वापरतो, थर जरा सावकाश धरतो एवढंच.

कॉफीचं भांडं उतू गेलं की त्या जागी पांढरं कडं पडतं आणि त्याखाली गंज सुरू होतो. भांड्याखाली लोखंडी तिवई ठेवा. आणि तापलेल्या माथ्यावर गार पाणी ओतून पुसायची सवय असेल तर ती आजच मोडा, बीड तडकतं. आमच्या शेजारी असंच झालं होतं.

आमच्या घरी तांब्याचा बंब आहे, सासूबाईंच्या माहेरून आलेला. त्याला बाहेरून चिंच आणि बारीक राख, बाकी काही नाही. कुणीतरी त्याला बाहेरून लॅकर मारायला सांगत होतं, मी मारू दिलं नाही. जाळ लागतो त्या भागावर ते काळं-पिवळं होतं आणि मग काढता काढता तांबं ओरखडतं. जे अंग घासून चमकतं त्याला रंग नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

यवतेश्वर

माथ्याच्या बाबतीत सहमत. पण संपूर्ण शेगडीलाच रंग न मारता ग्राफाइटचं पॉलिश लावायचाही मार्ग आहे. काळी पेस्ट असते, ग्राफाइट आणि मेण. गार शेगडीवर फडक्याने चोळायची, अर्ध्या तासाने बुटाच्या ब्रशने घासायची. बिडाची मूळची राखाडी-काळी चमक दिसते, नक्षी उठून दिसते. मला तीच आवडते.

ओतशाळा

दिसायला ते सुंदर दिसतं, मान्य. पण पावसाळ्यात चार महिने बंद राहणाऱ्या घरात ते गंज अडवत नाही. शिवाय एकदा ग्राफाइट लावलं की नंतर रंग मारायचं मनात आलं तर ते कणाकणाने काढावं लागतं, ग्राफाइटवर रंग धरत नाही. साताऱ्यात, सांगलीत, जिथे शेगडी वर्षभर कोरड्या खोलीत आहे तिथे पॉलिश लावावं. महाबळेश्वरात अंगाला रंग, माथ्याला तेल असंच करावं.

यवतेश्वर

पटलं. आमचं घर साताऱ्यात आहे, पावसात बंद नसतं. तो फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

माणदेशी

लाकडाचंही बघा. ओलं लाकूड जाळलं की धूर गार पडून आतून डांबरासारखा थर बसतो, दाराच्या फटीतून तो बाहेर ओघळतो आणि नव्या रंगावर तपकिरी डाग पडतात, ते निघत नाहीत. लाकूड फोडून, छपराखाली, बाजूने वारा लागेल असं निदान एक उन्हाळा ठेवलेलं हवं. ओलावा २० टक्क्यांच्या आत आला पाहिजे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथल्या जांभूळ-हिरड्याकडे बघूही नका. आमच्या माण-खटावची बाभूळ आणा. जड असते, निखारा धरून ठेवते, जाळ एकसारखा लागतो.

चंदनवंदन

आणि पहिला जाळ? डब्यावर लिहिलंय ‘हवेत सुकल्यावर वापरा’. मग लगेच पेटवायची का?

बॉयलरवाला

मी तेच लिहिणार होतो, कारण रंगाचं निम्मं आयुष्य पहिल्या तीन जाळांत ठरतं.

हवेत सुकलेला सिलिकॉनचा रंग हा फक्त वरवर सुकलेला असतो. तो खरा पक्का होतो २०० ते २५० अंशांवर. त्या वेळी त्यातला जळणारा भाग निघून जातो आणि सिलिकॉनची जाळी रंगाला धरून बिडावर घट्ट बसते. पण तिथपर्यंत सावकाश जायचं. रंग मारल्यावर निदान एक दिवस सोडा. मग नुसत्या काटक्यांचा जाळ, बीड १००-१२० अंशांच्या पुढे जाऊ नये, अर्धा तास, आणि पूर्ण गार होऊ द्या. दुसरा जाळ जरा मोठा, १८०-२०० पर्यंत. तिसऱ्याला नेहमीचा भरपूर जाळ, तासभर. बाहेरून चिकटणारं चुंबकाचं थर्मामीटर मिळतं, ते घ्या, अंदाजावर सोडू नका.

या तीन जाळांत धूर येणार, वास येणार. दारं-खिडक्या सताड उघडी. लहान बाळ, दम्याचं माणूस, पिंजऱ्यातला पोपट यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. पक्ष्यांना असला धूर फार लवकर बाधतो. आणि रंग गरम असताना मऊ होतो, तेव्हा हात लावायचा नाही, भांडं ठेवायचं नाही, फडकं मारायचं नाही. गार झाला की परत कडक होतो. तिसऱ्या जाळानंतर पुन्हा मऊ होणार नाही.

चंदनवंदन, तुमच्या पत्र्याच्या शेगडीचं धुराडं जीआय पत्र्याचं आहे का? असेल तर आधी ते बदला. त्यावरचं जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि शेगडीजवळच्या पहिल्या दोन-तीन फुटांत तेवढं तापमान सहज येऊ शकतं. जस्ताचा धूर छातीत जायला नको. तिथे साध्या काळ्या लोखंडाचा पाइप किंवा स्टेनलेस लावा.

चंदनवंदन

जीआयच आहे. या आठवड्यात काढतो. काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

घाटमाथा

मंडळी, काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

दार, राखेचा खण आणि बाजूचे पत्रे सुटले. ते वाईच्या पुढे एका वर्कशॉपला ब्लास्टिंगला दिले, पेटी जागेवरच कप ब्रशने घासली. ऑइलपेंटच्या खाली खरंच आणखी एक हिरवट थर निघाला, तो ओला करूनच काढला. आतली दोरी भिजवून काढली, पिशवीत बांधली. काचतंतूची नवी दोरी सांगलीहून मागवली. राखेच्या खणावरची जाळी मात्र दोन ठिकाणी तुटलेली होती.

रंग मार्चच्या मधल्या दुपारी मारला. पितळी मुठीला कागद गुंडाळला होता. जाळ सांगितले तसेच दिले. आजीच्या वेळी शेगडी कशी दिसत होती ते आईने पुन्हा बघितलं, आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

एक शंका आहे. तिसऱ्या जाळानंतर दाराच्या वरच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा भाग पांढरट-करडा झालाय. रंग गेला का?

ओतशाळा

तो भाग जास्त तापला. रंगाच्या ताकदीपुढे बीड गेलं की काळा रंग असा करडा-पांढरा पडतो. अंधारात बीड लालसर दिसलं का? दिसलं असेल तर ५०० अंश सहज ओलांडले. पण दाराच्या कोपऱ्यातच झालं याचा अर्थ तिथून हवा आत ओढली जातेय, आणि जाळ तिथे भडकतो. नवी दोरी त्या कोपऱ्यात नीट बसली नसणार. दाराच्या फटीत नोटेएवढा कागद धरून दार लावा. कागद ओढल्यावर सुळकन निघाला तर तिथे फट आहे. दोरी पुन्हा बसवा, बिजागरी घट्ट करा, मग तो कोपरा बारीक पॉलिशपेपरने घासून, थिनरने पुसून, त्याच डब्यातला रंग पातळ मारा आणि पुन्हा लहान जाळापासून सुरुवात करा. डब्यात थोडा रंग नेहमी शिल्लक ठेवा, दरवर्षी अशा चार जागा निघतातच.

जाळीचं सांगतो. तुटलेली जाळी कोणत्याही छोट्या ओतशाळेत द्या, ते तीच वापरून वाळूत साचा पाडतील. बीड गार होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून ३० सेंटिमीटरची जाळी ३ मिलिमीटर लहान येईल. जाळीला ते चालतं, उलट तापल्यावर फुगायला जागा मिळते. दार मात्र असं ओतून घेऊ नका, ते फ्रेममध्ये बसणार नाही. दारासाठी आकसण्याचा हिशोब धरून लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करावा लागतो.

घाटमाथा

कागद सुळकन निघाला! दोरी कोपऱ्यात वळताना पातळ झाली होती. आता पावसाळ्याचं सांगा. माझी खरी भीती तीच आहे. जूनच्या सुरुवातीला घराच्या पश्चिमेच्या भिंतीला गवताचं आच्छादन बांधतो आणि मग सप्टेंबरपर्यंत तिथे कुणी राहत नाही.

कृष्णामाई

राख काढा, सगळी. हे पहिलं. लाकडाची राख हवेतलं पाणी ओढते आणि ओली राख क्षारासारखी बिडाला खाते. खालच्या खणाचे कोपरे ब्रशने साफ करा. राख गुलाबांना थोडी थोडी घाला, स्ट्रॉबेरीला मात्र बेताने, तिला आंबटसर माती आवडते.

बॉयलरवाला

कृष्णामाईताई बरोबर. त्यानंतर धुराड्याचं तोंड. पावसाचं पाणी धुराड्यातून खाली आलं की काजळीत मिसळून आम्लासारखं काळं पाणी होतं आणि शेगडीच्या आत उतरतं. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आतून पेटी सडते. वरच्या टोपीशिवाय आणखी एक पत्र्याचं झाकण मे अखेरीस बांधा, आणि शेगडीच्या दाराला मोठा कागद चिकटवा, ‘धुराडं बंद आहे, पेटवू नये’. हे विसरू नका, बंद धुराड्यावर कुणी पेटवली तर विषारी वायू खोलीत भरतो.

दार आणि खालची हवेची खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद पेटीत ओल कोंडते. आत कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात ते ठेवा, पण प्लास्टिकच्या पसरट टबात, कारण त्यांचं पाणी बिडावर सांडलं तर ते राखेपेक्षा वाईट.

ओतशाळा

माथ्याला जाताना तेल जरा सढळ लावा, यावेळी तापवू नका. ऑक्टोबरात पहिल्या जाळाआधी पुसून टाका. रंगवलेल्या अंगाला तेल लावू नका, डाग राहतात. आणि शेगडीवर प्लास्टिकचा कागद टाकू नका, आत घाम धरतो. सुती चादर टाका.

घाटमाथा

गणपतीला एकदा घर उघडतो, तेव्हा ते डबे बदलता येतील. धुराड्याचं जादा झाकण आजच करायला टाकलं आहे, कागदही लिहून ठेवला. जाळीसाठी सांगली-मिरज बाजूला लहान कामं घेणारी ओतशाळा कुणाला माहीत असेल तर कळवा, एकच नग आहे म्हणून साताऱ्यात दोघांनी नाही म्हटलं.

ओतशाळा

एका नगाला बरेच जण नाही म्हणतात, कारण एवढ्यासाठी भट्टी पेटत नाही. ‘तुमच्या पुढच्या ओतणीत एक साचा घाला’ असं म्हणून जाळी त्यांच्याकडे ठेवून या, घाई नाही सांगा, मग करतात. मी पुढच्या आठवड्यात पलूसच्या दोन ठिकाणी विचारतो. जाळीची लांबी, रुंदी आणि पट्ट्यांची जाडी इथे टाका, आणि तुटलेले तुकडे फेकू नका, साचा त्यांच्यावरूनच पाडायचा आहे.